सागाच्या जिल्ह्यात छापील साग

२९ मार्च २०२३ रोजी बल्लारपूरहून सागाच्या लाकडाची पहिली खेप अयोध्येला निघाली. राममंदिराची दारं चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाची व्हायची होती. लाकडाचं पूजन झालं, शोभायात्रा निघाली. त्याच वर्षी मे महिन्यात दिल्लीत नव्या संसद भवनाचं उद्घाटन झालं आणि तिथला सागही नागपूरहून गेलेला आहे असं जाहीर झालं. विदर्भाच्या या टोकाला त्याचा अभिमान वाटला आणि तो रास्तच होता.

आता त्याच बल्लारपुरात किंवा चंद्रपुरात एखाद्या नव्या फ्लॅटमध्ये जाऊन पाहावं. दर्शनी दार फ्लश डोअरचं, त्यावर सागाच्या रेषांचा सनमायका. टीव्हीच्या मागे अक्रोडाच्या रंगाचं पीव्हीसी पॅनेल. स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्यांवर ओक. जमिनीला लांबट फळ्यांसारख्या टाइल्स आणि त्यांवर छापलेल्या गाठी. खिडक्या ॲल्युमिनियमच्या, पण रंग लाकडी. खरं लाकूड म्हणून घरात बऱ्याचदा एखादं देवघर आणि पोळपाट-लाटणं एवढंच उरतं.

घराला लाकूड नको झालं आहे, पण लाकडाच्या रेषा हव्याच आहेत. असं का, हा प्रश्न पुण्या-मुंबईत सजावटीपुरता विचारून भागतं. गडचिरोलीत, जिथे दोन-तृतीयांशाहून अधिक जमीन जंगलाखाली आहे, तो जंगलापासूनच विचारावा लागतो.

अयोध्येतल्या गर्भगृहासह कित्येक दारांवर पुढे सोन्याचा मुलामा दिलेले पत्रे चढले. तिथे साग हवा होता तो ताकदीसाठी, टिकण्यासाठी आणि त्यामागच्या श्रद्धेसाठी. रेषा झाकल्या गेल्या तरी कोणाची हरकत नव्हती. फ्लॅटमध्ये व्यवहार नेमका उलटा आहे. ताकद प्लायवुडची, टिकाऊपणा रेझिनचा, आणि सागाच्या उरतात त्या फक्त रेषा. लाकडाचं अंग आणि लाकडाचं रूप एकमेकांपासून सोडवून वेगवेगळं विकता येतं, या एका शोधावर हा सगळा व्यवसाय उभा आहे.

रूप येतं कुठून ते आधी पाहू. या पट्ट्यातला साग उन्हाळ्यात निष्पर्ण असतो आणि त्याची वाढ जवळपास थांबते. मृगाच्या सरी आल्या की तो पुन्हा वाढीला लागतो. या सुरुवातीच्या लाकडातल्या नळ्या मोठ्या असतात, उघड्या डोळ्यांना टोचल्यासारख्या दिसतात. पुढे त्या बारीक होत जातात आणि हंगाम संपला की वर्षाचं एक वलय पुरं होतं. ओंडक्याच्या गाभ्यातून फळी काढली की ही वलयं सरळ समांतर रेघा होऊन उमटतात. कडेने काढली की एकीत एक बसलेल्या उंच कमानी दिसतात. फांदी जिथे फुटली होती तिथे गाठ येते आणि रेषा तिला वळसा घालून जातात. पाऊस कमी झालेल्या वर्षाचं वलय अरुंद, चांगल्या वर्षाचं रुंद. गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या फळीवर आलापल्लीच्या पावसाचा असा हिशेब असतो आणि तो दुसऱ्या कोणत्याही फळीवर तंतोतंत तसाच सापडत नाही.

लाकडाच्या बाजारात या सागाला अजूनही जुन्या मध्य प्रांताच्या नावाने 'सीपी साग' म्हणतात. कोरड्या हवेत सावकाश वाढलेला, सोनेरी तपकिरी, मधूनमधून काळसर धारा असलेला. त्याच्या पूर्वजांचं जंगल पाहायचं तर आलापल्लीजवळचं 'वनवैभव' पाहावं. २०१४ साली राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ म्हणून ते जाहीर झालं. तिथल्या जुन्या सागाखाली उभं राहिल्यावर कळतं, की सनमायकाच्या फोल्डरमध्ये 'बर्मा टीक' या नावाखाली जे छापलेलं असतं त्याचा अस्सल नमुना दोन तालुक्यांपलीकडेच उभा आहे.

छापील रेषेची कथा मात्र कारखान्यातली आहे. १९१२ च्या सुमारास अमेरिकेतल्या वेस्टिंगहाउस कंपनीत काम करणारे डॅनियल ओकॉनर आणि हर्बर्ट फेबर विजेच्या यंत्रांसाठी अभ्रकाला पर्याय शोधत होते. रेझिनमध्ये भिजवलेले थर दाबून त्यांनी कडक पत्रा तयार केला. फॉर्मायका तो हाच. काळपट, कामापुरता. १९२० च्या दशकाच्या अखेरीस लाकडाच्या रेषा छापलेला कागद त्यावर बसवायची युक्ती साधली, पुढच्या दशकाच्या अखेरीस मेलामाइन रेझिन आलं, पृष्ठभाग पारदर्शक आणि चिवट झाला, आणि यंत्राच्या पोटातला पत्रा हॉटेलच्या टेबलावर आला.

आजही मूळ कृती फारशी बदललेली नाही. खऱ्या फळीची अतिशय बारकाईने प्रतिमा घेतात, तिचे रंग वेगळे करून धातूच्या कोरीव रुळांवर उतरवतात आणि त्यांनी कागद छापतात. तो कागद मेलामाइनमध्ये भिजतो. त्याच्याखाली फिनॉलच्या रेझिनमध्ये भिजवलेल्या तपकिरी क्राफ्ट कागदाचे अनेक थर असतात. सगळी चळत प्रचंड दाबाखाली आणि उकळत्या पाण्यापेक्षा बऱ्याच अधिक तापमानाला दाबली जाते. वरच्या पोलादी पत्र्यावर जशी नक्षी, तसा स्पर्श. नव्या महाग शीटमध्ये छापलेली रेघ आणि उठवलेली खाच एकमेकींवर बरोबर बसवतात. नख फिरवलं तर जिथे रेघ दिसते तिथेच ते अडतं. एक मिलिमीटर जाडीचा, आठ बाय चार फुटांचा हा पत्रा म्हणजे बहुतांशी कागद आहे आणि कागद शेवटी झाडाचाच किंवा बांबूचाच. बल्लारपूरची पेपर मिल १९४५ पासून या जंगलांच्या कुशीत आहे. जंगलातून आलेला बांबू कागद होताना पाहिलेल्या गावाला हे वेगळं सांगायला नको.

हा पत्रा चांगला लावणं हेही कसब आहे आणि ते मी मनापासून मानतो. जाणता मिस्त्री प्लायवर फेव्हिकॉल ओततो, दातेरी पट्टीने एकसारखा पसरतो, शीट एका कडेने टेकवत हवा बाहेर काढत खाली आणतो, वर वजन ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी कडा तासतो. त्याआधी तो शीटकडे बराच वेळ नुसता पाहत राहिलेला असतो. शेजारशेजारची दोन शटर एकाच शीटच्या सलग तुकड्यातून कापली, तर कमानीची रेघ एका शटरमधून दुसऱ्यात जाते आणि कपाट एका फळीचं वाटतं. घाईत कापलं तर तीच गाठ त्याच उंचीवर दोनदा दिसते. रुळाचा फेरा पुरा झाला की नक्षी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. झाड असं कधी करत नाही. आपल्या डोळ्यांना हे कळतं, बऱ्याचदा कारण न समजता कळतं. छापील लाकडाने भरलेल्या खोलीत थोड्या वेळाने जो कंटाळा येतो त्याचं मूळ मला या पुनरावृत्तीत दिसतं.

नकलेला हसायचं कारण नाही. लाकडाची नक्कल ही महाराष्ट्राच्या कलेतली फार जुनी आणि फार सन्मानाची गोष्ट आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरलेल्या भाजे लेण्यातले खांब आत झुकलेले आहेत, कारण लाकडी मांडवाचे खांब तसे झुकवावे लागत. दगडाला त्याची गरज नव्हती. चैत्याच्या छताला लाकडी फासळ्या बसवल्या. कार्ल्याच्या छतातल्या जुन्या लाकडी फासळ्या आजही जागेवर आहेत. ज्यांना अख्खा डोंगर कोरता येत होता त्या कारागिरांनाही पवित्र जागा लाकडासारखी दिसल्याशिवाय पवित्र वाटत नव्हती. पुढे रंगाऱ्यांनी हलक्या लाकडाच्या दारावर पिवळट अस्तर देऊन, वरचा तपकिरी रंग ओला असतानाच कंगव्याने आणि सुक्या ब्रशने रेघा ओढल्या. त्यात हात होता, त्यामुळे प्रत्येक दार वेगळं निघे.

गडचिरोलीत निसर्गानेही अशी नक्कल करून ठेवली आहे. सिरोंचा तालुक्यात वडधमच्या जीवाश्म उद्यानात झाडांचे बुंधे दगड होऊन पडले आहेत. ज्युरासिक काळातले, म्हणजे १५ कोटींहून अधिक वर्षांचे. गाळाखाली दबलेल्या लाकडात पाण्याबरोबर सिलिका शिरली, तिने पेशींची जागा घेतली आणि आकार तसाच राहिला. लांबून ओंडका वाटतो, उचलायला गेलं की दगड. लाकूड गेलं आणि रूप राहिलं, याचं इतकं जुनं उदाहरण जिल्ह्यात असताना तिथे पोचणारे पर्यटक थोडे आहेत, याची खंत वाटते.

मग खरा साग इथल्या घरांतून गेला कसा? फॅशन हे त्याचं सगळ्यात लहान कारण आहे. कवेलूच्या जुन्या घरात खांब, मयाल, फाटे, दाराची चौकट, सगळं जंगलातलं असे. गावाला निस्तार हक्काने, म्हणजे घरगुती गरजेपुरतं, लाकूड-बांबू मिळे, बुरडांना बांबू मिळे. पुढे एकेक दार बंद होत गेलं. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याने स्वतःच्या बांधावरचा साग तोडायलाही परवानगी लागू लागली, शिवाय वाहतुकीचा परवाना. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने लाकडाला पर्याय वापरावेत असं स्पष्ट म्हटलं. १९९३ मध्ये केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने आपल्या इमारतींत लाकूड वापरायलाच बंदी केली. सरकारी क्वार्टर, शाळा, दवाखाने यांत लोखंडी चौकटी आणि फायबरची दारं आली आणि सरकारी इमारत जशी, तशी हळूहळू गावातली इमारत झाली. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशाने आरागिरण्या आणि प्लायवुडच्या कारखान्यांवर कडक बंधनं आली. त्यातलं बरंचसं आवश्यक होतं. जंगल ज्या वेगाने रिकामं होत होतं त्या वेगाला लगाम हवाच होता.

पण परिणाम काय झाला तेही सांगायला हवं. इमारती लाकडाचा रस्ता डेपोतल्या लिलावाकडे वळला आणि लिलावात देशभरातले व्यापारी उतरतात. आलापल्लीच्या सुताराला एका चौकटीपुरता ओंडका हवा असतो. लॉट त्याच्या खिशाच्या मापाचा नसतो. दुसरीकडे चंद्रपूरच्या हार्डवेअरच्या दुकानात हरियाणातल्या यमुनानगरचं पॉप्लरचं प्लायवुड आणि गुजरातेतल्या मोरबीच्या टाइल्स रोज ट्रकने उतरतात. त्यांना ना लिलाव, ना परवान्याची चिंता. पॉप्लरवर चिकटवलेल्या कागदी सागाला सागाच्या जिल्ह्यात गिऱ्हाईक मिळतं, यात आश्चर्य काही नाही. खरा साग त्याला मिळण्यासारखा ठेवलेलाच नाही.

सरकारी इमारतींतल्या लाकूडबंदीचा १९९३ चा तो निर्णय २०२० मध्ये मागे घेतला गेला. लाकूड वापरणं म्हणजे जंगल तोडणंच, हे समीकरण सरकारलाही पुरेसं वाटेनासं झालं होतं. नीट राखलेल्या रोपवनातलं लाकूड कार्बन धरून ठेवतं. स्टील आणि ॲल्युमिनियम बनवताना मात्र भरपूर कोळसा जळतो, आणि कोळसा म्हणजे काय ते चंद्रपूरच्या हवेला विचारावं.

छापील रेषांच्या बाजूने बोलायचं तर इथलं हवामानच पहिलं बोलेल. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. कच्चं, नीट न वाळवलेलं लाकूड तडकतं आणि पावसाळ्यात दार फुगून चौकटीत अडकतं. उधळी तर सागाच्या गाभ्याखेरीज फार कोणाला सोडत नाही. सनमायकाला पाणी लागलं तर पुसता येतं, हळदीचा डाग निघतो, पॉलिश करावं लागत नाही. लाकडाच्या रूपाची टाइल पायाला थंड लागते. युरोपात हे तिचं वैगुण्य, चंद्रपुरात हाच तिचा गुण. शिवाय ज्या कुटुंबाला सागाचा दरवाजा कधीच परवडणार नव्हता, त्याला घरात शिरताना तीच ऊब दिसते. ही ऊब खोटी आहे म्हणून हिणवायचा हक्क मला नाही, सागाच्या वाड्यात जन्मलेल्यांनाही नाही.

ती ऊब केवळ कल्पनेतली नाही, याला थोडा आधारही आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात डेव्हिड फेल यांनी २०१० च्या आपल्या संशोधनात लाकडी फर्निचरच्या आणि बिनलाकडी खोल्यांत बसवलेल्या माणसांच्या शरीरावरचा ताण मोजला. लाकूड दिसत असलेल्या खोलीत तो कमी निघाला. तिथलं लाकूड खरं होतं, पण काम डोळ्यांनी केलं, म्हणून छापील रेषांनाही त्यातलं काही साधत असेल असं मला वाटतं. जपानमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मात्र माणसांनी ओकच्या लाकडावर, संगमरवरावर, टाइलवर आणि पोलादावर तळहात ठेवला. लाकडाच्या स्पर्शाने शरीर निवांत झालं, बाकीच्यांनी तेवढं झालं नाही. रेषा डोळ्यांना देता येतात. हाताला लाकूडच द्यावं लागतं.

या नकलेची किंमत मोजताना तीन गोष्टी मला अधिक टोचतात. पहिली, दुरुस्ती. सागाची चौकट चाळीस वर्षांनी रंधा मारून नवी करता येते, घर पाडलं तरी जुना साग विकला जातो आणि दुसऱ्या घरात चढतो. सनमायकाचा कोपरा उडाला की उडाला. एमडीएफला ट्रॉलीच्या खाली पाणी लागलं की ते पावासारखं फुगतं आणि पुन्हा बसत नाही. शिवाय मेलामाइनचं रेझिन एकदा कडक झालं की वितळत नाही, त्यामुळे त्या पत्र्याचं पुढे काहीच होत नाही. दुसरी, हवा. स्वस्त बोर्डच्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड झिरपत राहतं आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच त्याला माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातलं आहे. नव्या कपाटाचा डोळ्यांना झोंबणारा वास येतो तो याचा. लॅमिनेटसाठी आयएस २०४६, साध्या प्लायसाठी आयएस ३०३, पाण्याच्या जागेसाठी आयएस ७१० ही मानकं आहेत आणि बोर्डावर उत्सर्जनाचा ई-१ किंवा ई-० दर्जा लिहिलेला असतो. सजावटीचा कितीही आग्रह असला तरी हा शिक्का पाहिल्याशिवाय माल घेऊ नये.

तिसरी गोष्ट झाडांची. सनमायकाची फोल्डरं मी आवडीने चाळतो. पानामागून पान ओक, अक्रोड, वेंगे, ॲश, पाइन. साग एखाददुसऱ्या पानावर. ऐन नाही, बीजा नाही, हळदू नाही, शिवण नाही, तिवस नाही. छपाईला कोणत्याही झाडाची बंधनं नसतात. तरी छापलं जातं ते युरोप-अमेरिकेतलं झाड. ऐनाच्या फळीवर गडद तपकिरीत काळ्या धारा असतात. बाहेरच्या बाजारात 'इंडियन लॉरेल' म्हणून तिच्या व्हिनिअरला मोठा मान आहे. बीजा चिरल्यावर त्याचा पिवळट तांबूस रंग पाहत राहावा असा असतो. हळदू नावासारखाच पिवळा, इतका बारीक पोताचा की रेषा शोधाव्या लागतात. ही झाडं गडचिरोलीच्या मिश्र जंगलात सागाच्या शेजारी उभी आहेत. १९७४ मध्ये वनविकास महामंडळ आल्यानंतर अनेक ठिकाणी मिश्र जंगल काढून सागाची रोपवनं झाली, आणि गावकऱ्यांनी त्याला विरोधही केला, कारण मोह, टेंभुर्णी, चार यांवर त्यांचं वर्ष चालतं. जंगलात सागाने या झाडांची जागा घेतली आणि घरात ओकने. चंद्रपूरच्या मुलाला ओकची रेघ ओळखता येते आणि ऐनाची येत नाही, ही मला या सगळ्या विषयातली खरी हानी वाटते.

पर्याय म्हणून बांबूचं नाव नेहमी घेतलं जातं आणि ते योग्य आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक स्वतःच्या हाती आलं, आणि गावाने स्वतःचा बांबू स्वतः विकला. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला २०१४ पासून बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. बांबूच्या पट्ट्या जोडून केलेल्या फळीला स्वतःच्या गाठींची स्वतःची रेघ असते, ती कोणाची नक्कल नाही. मात्र बांबू नीट प्रक्रिया न करता वापरला तर भुंगेरा त्याची पावडर करतो, आणि अशा अर्धवट कामांनीच त्याचं नाव खराब केलं आहे.

तेव्हा माझं मत असं. छापील रेषा डोळ्यापुरत्या जागी चांगल्या आहेत. कपाटाच्या आतल्या-बाहेरच्या बाजू, ट्रॉल्या, टीव्हीची भिंत, जमीन, इथे त्या खुशाल असाव्यात. हात जिथे रोज टेकतो तिथे खरं लाकूड असावं. दाराची चौकट, मूठ, जिन्याचा कठडा, जेवणाच्या टेबलाची कड. एका घराला यासाठी लागणारं लाकूड फार थोडं असतं, त्याने जंगल रिकामं होत नाही. ते थोडं लाकूड इथल्या सुताराला मिळावं म्हणून वन विभागाने आणि महामंडळाने बल्लारपूर-आलापल्लीच्या डेपोंमध्ये स्थानिकांसाठी लहान लॉटची नियमित विक्री ठेवावी, आणि त्यात सागाबरोबर ऐन, बीजा, हळदूही ठेवावेत. आणि या दोन जिल्ह्यांत घर बांधणाऱ्यांनी मिस्त्रीला फोल्डर उघडायच्या आधी एवढं विचारावं, की चौकटीपुरता ऐन कुठे मिळेल.